शिमल्याच्या वरच्या भागात नोकरीला किंवा फील्डवर्कला जाताय? आधी हिवाळ्यातली बस समजून घ्या

ठियोग-नारकंडा पट्ट्यात डिसेंबर ते मार्च राहायचं असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. रस्ता खुला झाला म्हणजे बस सुरू झाली, असं नाही.

जेसीबी आधी एका गाडीपुरती वाट काढतो. त्यातून जीप निघते, पण बसला समोरून वाहन आलं तर बाजू द्यायला जागाच नसते. वळणावर तिचा मागचा भाग बर्फाच्या भिंतीला घासतो. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायच्या जागेतच उपसलेल्या बर्फाचा ढीग पडलेला असतो. मग बस दोन-तीन किलोमीटर अलीकडूनच फिरते. म्हणून चौकशीला ‘बस आहे का?’ एवढंच विचारू नका, ‘कुठपर्यंत जाते?’ हेही विचारा.

सगळ्यात आधी बंद होते ती मुक्कामी गाडी. रात्रीतून बर्फ पडला तर ती वरच अडकून पडेल, म्हणून तिला खालीच थांबवतात. सकाळी गावातून सुटणारी पहिली बस तीच असते, त्यामुळे शाळकरी मुलांना आणि दवाखान्यात निघालेल्यांना ती मिळत नाही. आमच्या मते खेड्याला सगळ्यात मोठा फटका हाच, आणि बातमीत तो क्वचितच येतो.

नारकंडा सुमारे २७०० मीटरवर आहे. तिथे रस्ता अडला की शिमला-रामपूर गाड्या बसंतपूर-सुन्नीमार्गे सतलजच्या खोऱ्यातून वळवतात. ‘रामपूरची वाहतूक सुरळीत’ असं ऐकून ठियोग-नारकंडा वाटेवरच्या मतियाण्याला उभे राहिलात तर हात हलवत परताल, कारण त्या गाड्या तुमच्याकडे येतच नाहीत.

बर्फ पडत असतानापेक्षा आभाळ निवळल्यानंतरची पहाट जास्त घातक. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं. देवदारांच्या सावलीतल्या वळणांवर त्याचा पातळ थर जमतो आणि वरून तो नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. चाकांना साखळ्या लावता येतात, पण डांबर उघडं लागलं की त्या काढाव्या लागतात, नाहीतर साखळी तुटते, टायर फाटतो. रस्त्यावर वाळू पडून ऊन येईपर्यंत थांबणारा ड्रायव्हर बरोबर वागतो. त्याच्याशी हुज्जत घालू नका.

गाडीतही घोळ होतात. ब्रेकसाठी हवा साठवणाऱ्या एअर टँकमधलं पाणी संध्याकाळी काढलं नाही तर ते व्हॉल्व्हमध्ये गोठतं आणि ब्रेक दगा देतात. स्पितीत काझ्याकडे तर डिझेलमधलं मेण घट्ट होऊन फिल्टर चोंदतो. अशा थंडीसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारं डिझेल आणलं.

परीक्षा, मुलाखत किंवा रुजू व्हायची तारीख असेल तर हवामान खात्याचा इशारा पाहून एक दिवस आधीच खाली उतरा. परतीचा प्रवास दुपारी तीनच्या आत उरकेल असं बघा. सॅकमध्ये गमबूट, कोरडे मोजे, टॉर्च, रोख पैसे आणि दोन दिवसांची औषधं हवीत. वरून आलेल्या बसचा कंडक्टर भेटला तर त्यालाच रस्ता विचारा. तो नुकताच तिथून आलेला असतो.