जुनी स्पोर्ट्स कार घेताय? मीटर नंतर बघा, आधी बिलं बघा

जुनी पोर्शे, फेरारी, मर्सिडीजची एएमजी किंवा बीएमडब्ल्यूची एम३ शोधायला बसलं की पहिली नजर किलोमीटरवर जाते. वीस वर्षांची गाडी आणि पळालीय जेमतेम वीस हजार, मग काय, लगेच टोकन द्यायची घाई. मला अशी गाडी दिसली की आधी धास्तीच वाटते. रबर, सील, होज, टायर, ब्रेक फ्लुइड हे सगळं वयाने संपतं, गाडी पळो न पळो, आणि नुसत्या उभ्या गाडीत तर सील सुकतात, टाकीतलं पेट्रोल खराब होतं, ब्रेकचे कॅलिपर जाम होतात. त्यापेक्षा लाखभर किलोमीटर नीट पळालेली, दर वर्षी ऑइल बदललेली आणि बिलांची जाड फाइल असलेली गाडी मी कधीही पसंत करेन.

म्हणून आधी फाइल मागायची, आणि नुसते सर्व्हिस बुकातले शिक्के नाही बघायचे, बिलं वाचायची. कोणत्या तारखेला काय बदललं, दोन बिलांच्या मध्ये किती महिने गेले, मधली तीन-चार वर्षं कोरी आहेत का. कोरी असतील तर तेव्हा गाडी कुठे होती ते सरळ विचारायचं, आणि मालक उत्तर देताना अडखळला तर तिथेच थांबायचं.

गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड राहू दे, मी आल्यावर स्टार्ट करू. गरम इंजिन बऱ्याच गोष्टी लपवतं, थंड स्टार्टला इंजिनातल्या चेनची खडखड, निळा धूर, हलता आयडल (पाय न देता इंजिनाचा वर-खाली होणारा वेग) सगळं समोर येतं. त्यानंतर ते मॉडेल रोज हाताळणाऱ्या मेकॅनिककडे पैसे देऊन तपासणी करायची, ह्यात काटकसर करूच नका. कॉम्प्रेशनसोबत लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती बघायची) मागा, कारण हवा रिंगमधून जातेय की व्हॉल्व्हमधून ते त्यातच कळतं. पेंटची जाडी मोजायचं मीटर फिरवून घ्या, एकाच पॅनलचा आकडा बाकीच्यांपेक्षा दुप्पट आला तर तिथे रंगकाम झालंय. आणि पोर्शे असेल तर कॉम्प्युटरमधून ओव्हर-रेव्हची, म्हणजे इंजिन मर्यादेपेक्षा जास्त वेगाने फिरल्याची, नोंद काढून घ्या, ९११ च्या ९९६ ह्या पिढीत त्याच्या दोन रेंज असतात, पुढच्या ९९७ मध्ये सहा. वरच्या रेंजमध्ये अलीकडच्या तासांची नोंद असेल तर कुणीतरी घाईत चुकीचा खालचा गियर टाकलाय असं समजा, इंजिनाचा वेग रोखणारा लिमिटर पेट्रोल तोडू शकतो पण चाकांनीच जोरात फिरवलेलं इंजिन तो अडवू शकत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. प्रत्येक मॉडेलचा एक-दोन ठरलेला आजार असतो आणि तो तुम्हाला गाडी बघायला जायच्या आधीच पाठ पाहिजे. पोर्शे ९९६ आणि पहिली बॉक्स्टर, ह्यांच्या साध्या इंजिनात आयएमएस बेअरिंग, म्हणजे मधल्या शाफ्टचं बेअरिंग, ते फुटलं तर इंजिनच जातं. ते बदलायला गिअरबॉक्स खाली काढावा लागतो, त्यामुळे क्लचचं काम निघेल तेव्हाच करून घेणं शहाणपणाचं. साधारण २००६ ते २००८ च्या गाड्यांत बेअरिंग मोठं आहे, पण इंजिन उघडल्याशिवाय ते बाहेर येत नाही, आणि २००९ च्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. त्याच काळातल्या ९११ टर्बो आणि जीटी३ ला हा त्रास नाही कारण त्यांचं इंजिनच वेगळं, मेत्झगर नावाचं, पण तिथे कूलंटच्या पाइपचे तुकडे नुसते चिकटवून बसवलेत, वय झालं की ते सुटतात आणि सगळं कूलंट मागच्या टायरसमोर रस्त्यावर. वेल्डिंग करून घेतलंय का हे बिलात शोधायचं.

फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) बदलायचा म्हणजे अख्खं इंजिन खाली उतरवायचं, ३६० ला ते सीटमागच्या झाकणातून होतं आणि एफ४३० ला बेल्टच नाही, चेन आहे. एवढ्या एका फरकावर दर काही वर्षांचा खर्च कुठल्या कुठे जातो. बेल्टची मुदत वर्षांत मोजतात, त्यामुळे गाडी हजार किलोमीटरच पळाली म्हणून बेल्ट ताजा राहिला असं होत नाही. बीएमडब्ल्यूची ई४६ एम३ असेल तर गाडी लिफ्टवर घेऊन मागच्या सबफ्रेमपाशी (मागचं सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट) फ्लोअरला तडे गेलेत का बघा, आणि इंजिनातले रॉड बेअरिंग बदललेत का विचारा. जॅग्वारच्या पहिल्या एक्सके८ आणि एक्सकेआरमध्ये चेन ताणून धरणारे टेन्शनर प्लास्टिकचे होते, ते धातूचे बसवलेले असलेच पाहिजेत. मर्सिडीजच्या आर२३० एसएलमध्ये एबीसी सस्पेन्शन असेल तर ते हायड्रॉलिक दाबावर चालतं, रात्रभर उभी करून सकाळी एक कोपरा खाली बसलाय का ते बघायचं, गळती तिथेच कळते.

गाडी घरी आली की मागच्या मालकाने काहीही सांगितलेलं असू दे, सगळी फ्लुइड बदलायची. इंजिन ऑइल, गिअरबॉक्स, डिफरेन्शियल, कूलंट, ब्रेक, पॉवर स्टिअरिंग. आता तारीख तुमच्या हातात आली. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा ओढतं आणि त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो, त्यामुळे दर दोन वर्षांनी बदलायचंच, गाडी उभी असली तरी. ऑइल कंपनीने सांगितलेल्याच ग्रेडचं, ई४६ एम३ ला १०डब्ल्यू-६० म्हटलंय तर तेच, दुकानदाराने दुसरं चालतं म्हटलं तरी नाही. जुनं ऑइल फेकायच्या आधी त्याचा नमुना लॅबला पाठवा, त्यात तांबं, शिसं, लोखंड किती हे कळतं आणि बेअरिंग झिजतंय का ते आवाज यायच्या आधी समजतं. एका रिपोर्टवर फार काही ठरवू नका, दोन-तीन रिपोर्ट शेजारी ठेवले की कल दिसतो.

टायरबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे जीव अडकलेला असतो. टायरच्या बाजूला डॉट कोडच्या शेवटी चार अंक असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी पूर्ण शाबूत पण टायर दहा वर्षांचा, हे जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये सर्रास दिसतं, रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर चारशे हॉर्सपॉवर त्यावर सोडली की गाडी गरकन फिरते. अशा टायरवर टेस्ट ड्राइव्ह पण जपूनच घ्या. पोर्शेला एन खूण असलेले, म्हणजे पोर्शेनेच मंजूर केलेले टायर घ्या, आणि निदान एका अॅक्सलवर तरी दोन्ही सारखेच हवेत.

चालवताना एकच शिस्त पाळली तरी इंजिनाचं आयुष्य वाढतं, ऑइल गरम होईपर्यंत दाबायचं नाही. पाण्याच्या तापमानाचा काटा मध्यावर आला म्हणजे इंजिन तयार असं लोक धरून चालतात, पण ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. ई४६ एम३ मध्ये तर इंजिनाचा वेग दाखवणाऱ्या रेव्ह काउंटरवर पिवळे दिवे दिलेत, ऑइल तापेल तसे ते एकेक विझत जातात, ही सोय इतर गाड्यांतही असायला हवी होती असं मला मनापासून वाटतं. आणि गरम झाली की मात्र चालवा, अधूनमधून रेडलाइनजवळ, म्हणजे वेगाच्या लाल मर्यादेजवळ न्या, ही इंजिनं त्यासाठीच बनवलीत. आठवड्या-दोन आठवड्यातून अर्धा-पाऊण तास नीट फेरी झाली तर ऑइलमधला ओलावा उडतो, सील ओले राहतात, एसीचा कॉम्प्रेसर फिरतो, तेव्हा थंडीतही एसी पाच मिनिटं लावा. उभ्या उभ्या पाच मिनिटं स्टार्ट करून बंद करायची सवय मात्र सोडा, त्याने इंजिन नीट तापत नाही, पाणी आत साचतं, बॅटरीही भरत नाही.

फेरारीचा एफ१ किंवा मासेरातीचा कॅम्बिओकोर्सा गिअरबॉक्स असेल तर लक्षात ठेवा, दोनच पेडल असले तरी आत साधा क्लच आहे. चढावर ब्रेक न दाबता गाडी ऍक्सिलरेटरवर धरून ठेवणं, रिव्हर्समध्ये इंचाइंचाने सरकवणं, ह्यात तो जळतो. किती उरलाय ते मशीन लावून टक्क्यात वाचता येतं, घेतानाच वाचून घ्या.

महिनाभर उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनर लावून ठेवा, ह्या गाड्यांतली इलेक्ट्रॉनिक्स झोपेतही करंट खात असते, आणि व्होल्टेज कमी झालं की एकेक मॉड्यूल उगाच एरर दाखवायला लागतं, मग तुम्ही नसलेला बिघाड शोधत बसता. पोर्शे ९९७ मध्ये बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि डिकी उघडते करंटवर, बॅटरी मेली की झालं. फ्यूज बॉक्समध्ये बाहेर ओढायचा एक टर्मिनल दिलाय, तिथून बाहेरचा करंट देऊन झाकण उघडता येतं, हे गरज पडायच्या आधी एकदा करून बघा. जास्त दिवस ठेवायची असेल तर टाकी शक्यतो इथेनॉल नसलेल्या पेट्रोलने भरून ठेवा आणि टायरमध्ये हवा थोडी जास्त. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने टाकीत ठेवू नका, ते पाणी ओढतं, आणि जुन्या रबरी फ्युएल होजना ते मानवत नाही, म्हणून ते होज वयावर बदलायचे, गळायची वाट बघायची नाही. इंजिन मागे असलेल्या गाडीत गळकं पेट्रोल गरम एक्झॉस्टवर पडतं आणि गाड्या तशाच जळतात. छोटा अग्निशामक हाताशी येईल असा ठेवा.

पैशांचं थोडक्यात. गाडीची किंमत उतरली तरी पार्टची नाही उतरत, तो नव्या गाडीच्या काळातल्या भावाने किंवा वरच मिळतो. त्यामुळे गाडीवर सगळे पैसे घालून मोकळे होऊ नका, एका मोठ्या दुरुस्तीचे बाजूला ठेवूनच घ्या, तेवढं जमत नसेल तर एक पायरी खालचं मॉडेल घ्या पण ते उत्तम घ्या. विमा कंपनीशी आधीच ठरवून घेतलेल्या किंमतीचा करा, नाहीतर कंपनी नुसतं वय बघून रक्कम लावते. आणि बिलं, लॅब रिपोर्ट, टायरच्या तारखा, सगळं एका फाइलमध्ये, तारखेनुसार, पहिल्या दिवसापासून. पुढचा घेणारा तीच मागणार.