नैसर्गिक केस कसे ओळखावेत
कृष्णवर्णीय स्त्रियांमध्ये ‘नॅचरल’ केस म्हणजे रिलॅक्सरसारख्या, केस कायमचे सरळ करणाऱ्या रसायनाने ज्यांची मूळची कुरळी ठेवण मोडलेली नाही असे केस, हा अर्थ सर्वसाधारणपणे घेतला जातो. खात्री करण्यासाठी केस धुऊन, काहीही न लावता वाळू द्यावेत आणि एक बट मुळापासून टोकापर्यंत बोटांनी तपासावी; मुळाशी घट्ट वेटोळी आणि पुढे सरळ, लोंबते टोक दिसले, तर जुन्या रिलॅक्सरचा भाग अजून शिल्लक आहे. तो पूर्ववत होत नाही, कापावाच लागतो. केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात, म्हणून घाई नसावी. इस्त्रीने सरळ केलेले केस धुतल्यावर पुन्हा वळत असतील, तर ते नैसर्गिकच धरावेत. रंगवलेले केस नैसर्गिक धरावेत का, याबद्दल मतभेद आहेत. माझ्या मते तो वाद फुकाचा आहे.