वायंगणाच्या तोंडावर: समुद्री शेवाळ आणि अझोला कसे वापरावे

गोव्यात पावसाळा सरून वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचा शेतीहंगाम, जवळ आला की हणजुणे, वागातोर, काब द राम अशा खडकाळ किनाऱ्यांवर तपकिरी शेवाळ जोमाने वाढते आणि सुटून वाळूवर येते. दातेरी पाने आणि वाटाण्याहून लहान हवेचे फुगे असलेले ते सरगॅसम. बागेला त्याचा उपयोग आहे, पण आधी त्यातल्या मिठाचा विचार करायला हवा.

जूनमध्ये आळ्यात घातलेल्या शेवाळातले मीठ पाऊसच धुऊन नेतो, कारण गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. नोव्हेंबरमध्ये घातलेल्याचे मीठ मात्र पुढच्या मिरगापर्यंत मुळांपाशीच राहते. मिरची, वाल, आळसांदे (चवळी) यांना ते फारसे सोसत नाही. पानांच्या कडा करपतात आणि शेतकरी रोग समजून औषध मारत बसतो. म्हणून या हंगामात न धुतलेले शेवाळ भाजीच्या वाफ्यात घालू नका.

गोळा करताना वाहून आलेलेच घ्या. खडकावरचे ओरबाडले तर चिकटून राहणारा बुडखाही निघतो आणि तिथे पुन्हा फुटवा येत नाही. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे नोव्हेंबरपासून कासवे अंडी घालायला येतात, त्यामुळे या किनाऱ्यांवर गाडी नेऊ नका आणि दांताळही ओढू नका. मर्यादवेलीला (वाळूवर पसरणाऱ्या वेलीला) लागून साचलेला थर तसाच ठेवा, वाळूच्या टेकड्यांची झाडे त्यावरच पोसतात. बंदर, जेटी किंवा सांडपाण्याच्या नाल्याजवळचे शेवाळ घेऊ नये. सरगॅसम आर्सेनिक साठवते, म्हणून पालेभाजीपेक्षा ते माडाला घालणे शहाणपणाचे.

घरी आणल्यावर वाळू झटका. दोनशे लिटरच्या पिंपात अर्धे पाणी घेऊन त्यात साधारण २५ किलो ओले शेवाळ दहा मिनिटे ढवळा, उपसा आणि नव्या पाण्यात पुन्हा एकदा धुवा. रात्रभर भिजत ठेवू नका, मिठाबरोबर पालाशही (पोटॅश) निघून जाते. धुणावळीचे पाणी विहिरीपासून लांब ओता. धुतलेला माल त्याच दिवशी पसरा किंवा ढिगात घाला. गोणीत दाबून ठेवल्यास दोन-तीन दिवसांत काळा पडतो आणि कुजक्या अंड्यांसारखा वास सुटतो.

माडाला धुतलेले २५ किलो शेवाळ १.८ मीटर त्रिज्येच्या आळ्यात पातळ पसरा, खोडापासून दीड फूट जागा मोकळी ठेवा आणि वर चुडते (माडाच्या झावळ्या) किंवा सोडणे (नारळाची सालपटे) घाला. अपेक्षा मात्र मोजूनमापून ठेवा. फळत्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र (नायट्रोजन), ३२० ग्रॅम स्फुरद (फॉस्फरस) आणि १२०० ग्रॅम पालाश द्यावे अशी शिफारस आहे. २५ किलो ओल्या शेवाळात सुका भाग जेमतेम तीन-चार किलो, म्हणजे पालाश दीड-दोनशे ग्रॅमच्या आसपास. नत्र आणि स्फुरद तर त्याहून कमी. ओलावा टिकवायला आणि माती भुसभुशीत करायला ते उत्तम आहे, पण त्याच्या भरवशावर खत बंद करू नका.

भाजीसाठी शेवाळ कंपोस्टमधूनच द्यावे. सहा इंच सुका पाला, तीन इंच धुतलेले शेवाळ आणि वर शेणकाला असे थर चार फुटांपर्यंत रचा. काजूचा पाला चिवट असतो, तो तुकडे करूनच घाला. दर पंधरा दिवसांनी ढीग पालटा. आता लावलेला ढीग अडीच-तीन महिन्यांत तयार होईल. वापरण्याआधी खत आणि माती समभाग घेऊन एका करवंटीत तांबड्या भाजीचे बी पेरा, दुसऱ्या करवंटीत नुसत्या मातीत. खताच्या करवंटीत रोपे निम्मीच उगवली किंवा कडेने वाळली, तर मीठ उरले आहे किंवा खत कच्चे आहे. अशा वेळी ढीग पाण्याने निथळून महिनाभर थांबा.

फवारणीसाठी धुऊन बारीक चिरलेले एक किलो शेवाळ एक लिटर पाण्यात तासभर मंद शिजवा, थंड करा आणि दोनदा कापडातून गाळा. गाळणे नीट झाले नाही तर त्यातला चिकट पदार्थ नोझलमध्ये अडकतो. एक लिटर पाण्यात ५० मिली पुरे, १०० मिलीच्या वर जाऊ नका. तीव्र अर्काने वाढ उलट खुंटते. लावणीनंतर वीसेक दिवसांनी आणि पुन्हा कळी दिसू लागताच, संध्याकाळी, आधी चार रोपांवर पाहून फवारा. बोर्डो मिश्रणात (मोरचूद आणि चुन्याचे बुरशीनाशक) कधीही मिसळू नका, चुन्याने अर्काचा चोथा होतो. घरचा अर्क टिकत नाही, तीन-चार दिवसांत संपवा. विकतचा घेणार असाल तर २०२१ पासून असे अर्क जैव-उत्तेजक म्हणून खत नियंत्रण आदेशाखाली आले आहेत हे लक्षात ठेवा. लेबल वाचून आणि पावती घेऊनच खरेदी करा, मात्राही लेबलावरचीच ठेवा.

वायंगणाच्या भाताला नत्र हवे असते आणि ते समुद्री शेवाळातून पुरेसे मिळत नाही. तिथे अझोला लावा. दिसते शेवाळासारखी, पण ही पाणनेचा आहे. तिच्या पानांत राहणारे निळे-हिरवे शैवाल हवेतले नत्र बांधते. बियाण्यासाठी दोन मीटर लांब, एक मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल खड्डा सावलीत घेऊन प्लास्टिक अंथरा. चाळलेली १०-१५ किलो माती, दोन किलो शेण, ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट आणि १० सेंटिमीटर पाणी घालून वर एक किलो अझोला सोडा. दहा-पंधरा दिवसांनी रोज अर्धा किलो काढता येते. दर पाच दिवसांनी एक किलो शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट घाला. रंग तांबूस झाला तर स्फुरद कमी पडले किंवा ऊन जास्त लागले असे समजा.

लावणीनंतर आठवड्याने, पाच सेंटिमीटर पाणी असताना हेक्टरी ५०० ते १००० किलो अझोला सोडा. दोन-तीन आठवड्यांत मळा झाकला की पाणी काढून ती चिखलात तुडवा. दहा टन ओल्या अझोल्यातून २० ते ३० किलो नत्र मिळते. खाऱ्या पाण्याचा शिरकाव असलेल्या खाजनात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात) ती तग धरत नाही, तिथे हा खर्च करू नका.

निळ्या-हिरव्या शैवालाचे सुके खत (हेक्टरी १० किलो) घ्यावे का? आपल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत चुना न देता घेऊ नये. या शैवालाला उदासीन किंवा किंचित अल्कधर्मी माती लागते. आधी विभागीय कृषी कार्यालयातून माती तपासून घ्या, सामू (pH) साडेसहाच्या खाली असेल तर चुन्याची मात्रा तिथूनच ठरवून घ्या.