स्वित्झर्लंडची सहा-सात दिवसांची टूर: या चुका टाळा

टूर बुक करताना आपण ठिकाणं मोजतो. आई-बाबांना घेऊन जाताना मीही तेच केलं. मोजायची गोष्ट वेगळीच आहे: प्रत्येक ठिकाणी उतरून फिरायला किती वेळ मिळणार? कार्यक्रमपत्रिकेत 'फोटो स्टॉप' किंवा 'ओरिएंटेशन टूर' लिहिलं असेल, तर ते ठिकाण बसमधून किंवा बसच्या आसपासूनच दिसणार. पैसे भरण्याआधी हे एकेक विचारून घ्या.

सगळ्यात महागात पडते ती बसला उशीर करण्याची सवय. तिकडे साडेचार तास गाडी चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटं विश्रांती घ्यावीच लागते, दिवसभराच्या तासांनाही कायद्याची मर्यादा असते आणि गाडीतल्या यंत्रात सगळ्याची नोंद होते. विनवण्या करून तो नियम हलत नाही. आमच्या गटातली दोन कुटुंबं खरेदीत रमली आणि चाळीस मिनिटं उशिरा आली. संध्याकाळी ऱ्हाईन धबधब्यावर पोचलो तेव्हा शेवटची होडी निघून गेली होती. दीडशे मीटर रुंदीचा तो धबधबा आम्ही काठावरूनच पाहिला. आईला मधल्या खडकापर्यंत जायचं होतं, ते राहिलंच.

युंगफ्राऊ या बर्फाळ शिखराजवळ जायचा दिवस मात्र नीट समजून घ्या. वरचं स्टेशन ३४५४ मीटरवर आहे. खालच्या ग्रिंडेलवाल्ड गावाहून रोपवे आणि मग बोगद्यातली रेल्वे, असे तुम्ही तासाभराच्या आत अडीच हजार मीटर चढता. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. शरीराला सावरायला वेळच मिळत नाही, आणि आपण गाडीतून उतरल्या उतरल्या बर्फाकडे धावतो. आमच्या गटातल्या एक काकू जिना भराभर चढल्या आणि वर पोचताच भिंतीला टेकून खाली बसल्या. ओठ पांढरे पडले होते. पाणी दिलं, वीस मिनिटं बसवलं, मग बऱ्या वाटल्या. म्हणून वर गेलात की पहिली दहा-पंधरा मिनिटं बसा, पाण्याचे घोट घेत राहा, जिन्याऐवजी लिफ्ट घ्या. हृदयाचा, रक्तदाबाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर इथूनच डॉक्टरांना विचारून निघा. डोकं ठणकायला लागलं किंवा मळमळलं, तर 'एवढे पैसे भरलेत' म्हणून थांबू नका. टूर मॅनेजरला लगेच सांगा आणि खाली उतरा. औषध तेच आहे.

मे महिन्यातही वर थंडी शून्याखाली असू शकते. टोपी, हातमोजे, गॉगल आणि घट्ट पकड असलेले बूट बसच्या पोटातल्या बॅगेत ठेवू नका, हातात ठेवा. आणखी एक: ढग असतील तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. हवा पाहून दिवसांची अदलाबदल करता येते का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा.

हॉटेलातली आमची चूक बाथरूममधली. टबाबाहेरच्या फरशीला पाणी जायला सहसा जाळीच नसते. आईने सवयीने टबाबाहेर उभं राहून मगाने अंघोळ केली आणि पाणी दाराखालून खोलीतल्या गालिच्यावर आलं. पडद्याचं खालचं टोक टबाच्या आत सोडायचं आणि अंघोळ आतच करायची.

खाऊ नेताना पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. आपल्याकडून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ तिकडे न्यायला बंदी आहे. भाकरवडी, चिवडा, शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. पिण्याचं पाणी विकत घेऊ नका, नळाचं पाणी उत्तम असतं.

छोट्या गोष्टी भराभर सांगते. चलन फ्रँक आहे. युरो बऱ्याच ठिकाणी घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये परत मिळतात. कार्डाच्या यंत्राने 'रुपये की फ्रँक' विचारलं तर फ्रँक निवडा, रुपयांचा दर तोट्याचा असतो. जाड गोल युरोपियन अडॅप्टर स्विस सॉकेटमध्ये बसत नाही, तिथला तीन पिनांचा वेगळा घ्या. स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमध्ये नाही, तेव्हा 'युरोप'चं सिम तिथे चालतं का ते पाहून घ्या. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या रेल्वे स्टेशनांवरची उघडी सापडतात.

ल्युसर्न शहरात मोकळा वेळ मिळतो आणि तो घड्याळांच्या दुकानांत संपतो. आम्ही बाबांच्या आग्रहाने आधी लाकडी पुलावर गेलो. चौदाव्या शतकातला हा पूल १९९३ साली आगीत बराच जळाला, छताखालची पुष्कळ जुनी चित्रं गेली. पूल पुन्हा उभारला, वाचलेली त्रिकोणी चित्रं आजही डोक्यावर आहेत. बाबा एकेका चित्राखाली मान वर करून थांबत होते. पंधरा मिनिटं लागली, आणि तरीही बसपाशी आम्हीच पहिले पोचलो.