ग्रीसमध्ये जेवायला बसताना या चुका टाळा

ग्रीसला जाणाऱ्यांचे फोन मला जाण्याआधी येत नाहीत, परतल्यावर येतात. तक्रार ठरलेली: "मासे काय महाग हो तिकडे!" अहो, मेनू वाचला होतात का?

पहिल्या खेपेला मीही वाचला नव्हता. नॅक्सोस बेट, बंदरालगतचं टॅव्हर्ना म्हणजे खानावळ, आम्ही चौघं आणि पोटात कावळे. माशापुढे 65 युरो लिहिलेले. चौघांत एक मोठा मासा म्हणजे माणशी सोळा-सतरा, मनातल्या मनात हिशेब झाला. बिलात नुसत्या माशाचे 91. तो किलोचा भाव होता आणि मासा भरला 1 किलो 400 ग्रॅम. आकड्याशेजारी बारीक अक्षरांत 'किलो' होतंच, त्यामुळे भांडायलाही तोंड नव्हतं. दादरच्या बाजारात कल्ले उघडून बघितल्याशिवाय पापलेट न घेणारी मी, तिथे खुर्चीत बसून "आणा" म्हणून मोकळी झाले! खरं तर विचारलं की ते बर्फावरचे मासे दाखवतात, समोर वजन करतात. आता मी बसायच्या आधी तिकडेच जाते, कल्ले बघते, वजन आणि किंमत कागदावर लिहून घेते. नवरा अजून ओशाळतो. ओशाळू दे.

मेनूत नावापुढे चांदणी (*) दिसली तर बहुधा तो माल फ्रोझन असतो. खाली तळटीप असते, वाचा.

शाकाहारी मंडळींचा घोळ वेगळा. कुणीतरी इंटरनेटवरून 'निस्तिसिमो' हा शब्द पाठ करून जातं. त्याचा अर्थ उपवासाचं. मांस, दूध, अंडी नाहीत, पण कोळंबी, माकुळ, ऑक्टोपस त्या उपवासाला चालतात! त्यापेक्षा 'लादेरा' मागा, म्हणजे ऑलिव्ह तेलात मुरवत शिजवलेल्या भाज्या. भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची म्हणजे 'गेमिस्ता'. त्यात खिमा नसला तर तिथले लोक तिला 'ओर्फाना' म्हणतात, म्हणजे अनाथ. हा शब्द वापरला की वेटर हसतो आणि काम होतं. सँटोरिनीला 'फावा' चुकवू नका. नाव फसवं आहे, फावा बीन्सशी त्याचा संबंध नाही. विदर्भातल्या लाखोळी डाळीच्या चुलत बहिणीचं ते घट्ट वरण, वर कांदा आणि तेल.

संध्याकाळी सातला जेवायला जाऊ नका, रिकाम्या खुर्च्यांशी गप्पा माराव्या लागतील. न मागता आलेल्या पावाचे पैसे लागतात. नको तर लगेच परत करा, खाऊन वाद घालू नका. बऱ्याच बेटांवर नळाचं पाणी पीत नाहीत.

आणि ग्रीक कॉफी. साखर कॉफीच्या पावडरीबरोबरच उकळतात, म्हणून ऑर्डर देतानाच सांगायचं: बिनसाखरेची 'स्केतो', मध्यम 'मेत्रियो', गोड 'ग्लिको'. मग कप दोन मिनिटं तसाच ठेवायचा, गाळ खाली बसतो. इतका धीर नसलेले लोक नंतर साखर मागून चमचा फिरवतात आणि दातांत काळा चुरा घेऊन समुद्रापुढे फोटो काढतात.