डिकी उघडली आणि स्टेपनीच नाही! लांबच्या प्रवासाआधी या चुका टाळा

गणपतीच्या आदल्या रात्री आम्ही गुहागरला निघालो होतो. कोलाड सोडलं, पावसाची रिपरिप चालू होती. रस्त्यावर पाणी साचलेलं, त्याखालचा खड्डा दिसलाच नाही. डावीकडून ‘फट्’ असा आवाज आला आणि स्टिअरिंग ओढायला लागलं. गाडी बाजूला घेतली. सासऱ्यांना असल्या वेळी हुरूप येतो. छत्री मानेत अडकवून त्यांनी डिकीतलं सामान खाली काढायला सुरुवात केली. बॅगा, मखर, नारळाची गोणी, शेवटी खालचा गालिचा. त्याखाली थर्माकोलचा साचा आणि त्यात एक बाटली, एक छोटा पंप.

“जावईबापू, स्टेपनी कुठाय?”

गाडी घेऊन सात महिने झाले होते आणि या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. शोरूममध्ये मी सनरूफ तीनदा उघडून-मिटून पाहिलं होतं. डिकीचा तळ एकदाही उचलला नव्हता. टायरच्या कुशीला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, दोन बोटं रुंद चीर गेली होती, तरी मी ती बाटली ओतून पाहिलीच. पांढरा फेस चिरेतून बाहेर आला आणि पावसात वाहून गेला. टो करायला गाडी सकाळी आली. आमच्या मापाचं टायर जवळपास कुणाकडेच नव्हतं, ते पनवेलहून मागवावं लागलं. घरी प्रतिष्ठापना चुलतभावाने केली. आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळची आरती चालू होती.

त्यानंतर वर्षभर मी या विषयाच्या मागे लागलो. ओळखीचे टायरवाले, गाडीची पुस्तिका, मित्रांच्या गाड्यांच्या डिक्या, सगळं धुंडाळलं. माझ्या आणि इतरांच्या ज्या चुका सापडल्या, त्या इथे सांगतो.

पहिली चूक: ‘स्टेपनी असणारच’ असं धरून चालणं

जुलै २०२० मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टायरमधली हवा कमी झाल्यावर इशारा देणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं किट (माझ्या डिकीतली बाटली आणि पंप तेच) एवढं गाडीत असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीत जादा टायर देण्याची सक्ती उरली नाही. जागा वाचेल आणि इलेक्ट्रिक गाड्यांत बॅटरीला जास्त जागा मिळेल, असं कारण तेव्हा दिलं होतं. म्हणजे स्टेपनी दिली नाही म्हणून कंपनीशी भांडायला गेलात, तर कायदा तिच्या बाजूचा आहे.

त्यात आपल्याकडे चार मीटरचं गणित आहे. २००६ च्या अर्थसंकल्पापासून चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना कमी कर लागतो, त्यामुळे लांबी तिथेच अडकलेली. लोकांना पाय पसरायला जागा हवी, मोठी डिकी हवी, मोठी चाकं हवीत. कुठेतरी कात्री लागणार, ती डिकीच्या तळाला लागते. माहितीपत्रकात डिकीचे लिटर मोठ्या अक्षरांत छापतात. ते लिटर स्टेपनी काढून मिळवलेले आहेत हे कुणी छापत नाही.

म्हणून गाडी बघायला जाल तेव्हा सेल्समनला तळ उचलून दाखवायला सांगा. एकच मॉडेल असलं तरी स्वस्त प्रकारात पूर्ण मापाची स्टेपनी, महागात बारीक चाक आणि इलेक्ट्रिक किंवा सीएनजीत वेगळीच व्यवस्था, असं सर्रास असतं. टेस्ट ड्राइव्हची गाडी आणि तुम्हाला मिळणारी गाडी यांतही फरक असू शकतो. कोटेशनवर ‘स्टेपनी: आहे की नाही, माप किती’ एवढं लिहून घ्या. सेल्समन हसेल. हसू द्या.

किट म्हणजे स्टेपनीची बदली, हा समज

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. बाटलीतलं चिकट द्रव्य टायरच्या जमिनीला टेकणाऱ्या भागातलं छोटं भोक बुजवण्यासाठी असतं. खिळा, स्क्रू, फार तर पेन्सिलीच्या जाडीएवढं छिद्र. टायरची कूस म्हणजे साइडवॉल फाटली, रिम वाकली किंवा टायर रिमवरून सुटलं, तर बाटलीचा काही उपयोग नाही. नियमाच्या वेळी मंत्रालयाने जो खुलासा दिला, त्यातही द्रव्य टायरच्या टेकणाऱ्या भागात सोडण्याचीच गोष्ट होती.

आता आपले रस्ते आठवा. पावसाळ्यात टायर जातं ते कशानं? खिळ्यानं जातंच, पण धारदार कडेच्या खड्ड्यानं, फुटलेल्या दुभाजकाच्या दगडानं आणि उघड्या पडलेल्या सळईनंही जातं. हे सगळे घाव कुशीवर बसतात. शिवाय हल्ली सतरा-अठरा इंची चाकांवर बुटकं टायर चढवतात. रिम आणि खड्डा यांच्यामध्ये रबर उरतंच किती! थोडक्यात, किट ज्या दुखण्यासाठी दिलंय ते दुखणं चांगल्या रस्त्यावरचं आहे. वसई ते सावंतवाडी पट्ट्यात राहणाऱ्याने हे लक्षात ठेवूनच गाडी निवडावी.

खिळ्याचं पंक्चर असेल तर किट खरंच कामाचं आहे, पण तिथेही लोक घोळ घालतात. खिळा उपटून काढू नका, तो आत असेल तर भोकही बऱ्यापैकी बंद असतं. पंप लावताना इंजिन चालू ठेवा, नाहीतर बॅटरी बसेल. पंप सलग दहा मिनिटांच्या वर चालवू नका, तो तापतो. तेवढ्या वेळात पुस्तिकेतला आकडा गाठला नाही, तर भोक मोठं आहे असं समजा आणि नाद सोडा. हवा भरली तर लगेच निघा, म्हणजे द्रव्य आत सगळीकडे पसरेल. पाच-सात किलोमीटरवर थांबून हवा पुन्हा बघा. ऐंशीच्या वर वेग नको, आणि पहिल्या टायरवाल्याकडे टायर उघडून कायमची दुरुस्ती करा. आत द्रव्य सोडलंय हे त्याला आधी सांगा. नाहीतर टायर उघडताच तो चिकट माल त्याच्या पँटवर येतो आणि मग तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार होतो.

बाटली एकदाच वापरायची असते आणि तिला मुदतही असते, साधारण चार-पाच वर्षांची. झाकणावरची तारीख पाहा. जुनी गाडी विकत घेणाऱ्यांनी तर आजच पाहा.

माझ्या मते बाटलीपेक्षा पट्टीचं किट बरं. तेच जे पंक्चरवाला वापरतो: भोक साफ करायची कानस, सुई, चिकट पट्ट्या, पक्कड. स्वस्त असतं आणि टायर आतून खराब होत नाही. एकदा ओळखीच्या पंक्चरवाल्याकडे बसून, त्याच्या एखाद्या भंगार टायरवर दोन पट्ट्या स्वतः मारून पाहा. सुई आत घालायला केवढा जोर लागतो, हे भर रस्त्यात कळण्यापेक्षा तिथे कळलेलं चांगलं.

बारीक स्टेपनीला खरं चाक समजणं

पुष्कळ गाड्यांत स्टेपनी असते, पण गाडीच्या चाकांपेक्षा लहान किंवा अरुंद. तिच्यावर ‘कमाल ८०’ असा पिवळा किंवा लाल स्टिकर असतो. ती फक्त पुढच्या टायरवाल्यापर्यंत जाण्यासाठी आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आणि वेगमर्यादा १२० ची. तिथे डाव्या लेनमधून ऐंशीनं जाऊन पहिल्या निकासाला उतरायचं, नागपूर गाठायचं नाही. ब्रेक लागायला जास्त अंतर लागतं आणि वळणावर गाडी एका अंगाला झुकते, हेही ध्यानात असू द्या.

अगदी अरुंद, सायकलीच्या चाकासारख्या दिसणाऱ्या प्रकारात हवा ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) लागते. पंपावरचा मुलगा सवयीनं तेहतीस भरतो. आकडा टायरच्या कुशीवरच छापलेला असतो, त्याला तो दाखवा.

आणि एक गंमत, जी डिझाइन करणाऱ्याला सुचलीच नाही. पंधरा इंची स्टेपनीसाठी केलेल्या खळग्यात सतरा इंची पंक्चर चाक मावत नाही. ते चिखलाने माखलेलं धूड मग मागच्या सीटवर, आजीच्या शेजारी बसून येतं. गाडीत एक जुनी चादर किंवा प्लास्टिकचं मोठं पोतं ठेवा.

स्टेपनी आहे, पण काढता येत नाही

सात सीटच्या बऱ्याच गाड्यांत स्टेपनी पोटाखाली साखळीला किंवा तारेच्या दोराला टांगलेली असते. बंपरच्या भोकातून दांडा घालून ती खाली सोडायची. दोन-तीन पावसाळे चिखल खाल्ल्यावर ती यंत्रणा गंजून बसते, किनारपट्टीवर तर आणखी लवकर. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला म्हणा, ती खाली उतरवून ग्रीस लावा. दांडा गाडीत आहे का तेही पाहा. एका मित्राकडे स्टेपनी होती, जॅक होता, पाना होता. दांडा आधीच्या मालकाच्या गॅरेजात राहिला होता.

सीएनजीत गोष्ट आणखी वाकडी. कुठे सिलिंडरखाली स्टेपनी, तर कुठे सिलिंडरच्या शेजारी उभी केलेली. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या कित्येक गाड्यांत ती घराच्या माळ्यावर असते. सिलिंडरच्या पट्ट्या किंवा बोल्ट स्वतः सैल करून स्टेपनी काढायच्या भानगडीत पडू नका. किट बसवतानाच बसवणाऱ्याला विचारा, ‘स्टेपनी कशी निघेल, काढून दाखव.’

नट, जॅक आणि बाकीची झटापट

टायरवाले गनने नट इतके आवळतात की कंपनीच्या वीतभर पान्याने ते हलत नाहीत. ‘शेवटी हाताने आवळ’ असं सांगा. डिकीत हातभर लोखंडी पाइप ठेवा, पान्यावर चढवला की जोर मिळतो. बाहेरून अलॉयचे (मिश्रधातूचे) रिम बसवले असतील, तर त्यांचे नट स्टेपनीच्या लोखंडी रिमला नीट बसतात का ते घरीच तपासा. बसत नसतील तर मूळ नट एका डबीत घालून ठेवा. चोरी टाळायला कुलपाचा नट लावला असेल, तर त्याची किल्ली घरच्या ड्रॉवरमध्ये नको.

नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, मग गाडी उचलायची. हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा, तिरक्या बाजूच्या चाकाला दगड लावा. जॅक फक्त दारांखालच्या पत्र्यावर खाच असते तिथेच. इलेक्ट्रिक गाडीत हे आणखी महत्त्वाचं, कारण पोटाखाली बॅटरी आहे आणि चुकीच्या जागी जॅक लागला तर दुरुस्तीचा आकडा टायरच्या कितीतरी पट होतो. मऊ जमिनीवर जॅकखाली फळी घ्या. गाडीखाली हात-डोकं घालू नका.

नट निघाले तरी चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटून बसलंय? दोन नट चार आटे परत चढवा आणि टायरला मागच्या बाजूने टाच मारा, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. नवं चाक बसवताना नट समोरासमोरच्या जोडीने आवळा. पन्नासेक किलोमीटरवर पुन्हा एकदा पाना लावून पाहा.

आणि हे सगळं द्रुतगती मार्गाच्या कडेला, रहदारीच्या बाजूचं चाक असेल तर करायचंच नाही. त्रिकोण मागे शंभर पावलं ठेवा, माणसं कठड्याच्या पलीकडे उभी करा आणि फोन लावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३. रिम गेली तर गेली, पण गाडी सुरक्षित जागेपर्यंत हळूहळू नेणं कधीही बरं.

विसरलेल्या स्टेपनीची हवा आणि वय

पाच वर्षं डिकीत पडलेल्या स्टेपनीत हवा असेलच असं नाही, महिन्याला एक-दोन पीएसआय आपोआप उतरते. बहुतेक गाड्यांची इशारा यंत्रणा स्टेपनीकडे बघत नाही. काही गाड्यांतली तर चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधते, त्यामुळे चारही टायरांची हवा सारखीच उतरली तर तिला पत्ता लागत नाही. हवा भरल्यावर ती रीसेटही करावी लागते. वयासाठी टायरच्या कुशीवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी दहा वर्षांचं टायर चढवू नका.

जाता जाता, ‘स्टेपनी’ हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आलाय. तिथल्या डेव्हिस यांनी १९०४ मध्ये पंक्चर चाकावर बाहेरून अडकवायचं जादा चाक काढलं. तिथे आज हा शब्द फारसा कुणी वापरत नसेल. आपल्याकडे मात्र पंक्चरवाल्याच्या तोंडी अजून तोच आहे.

आता मी काय करतो? मूळ मापाची लोखंडी रिम आणि टायर वेगळं विकत घेतलं. शहरात ते पार्किंगच्या कोपऱ्यात असतं. कोकणात किंवा घाटावर जायचं असलं की डिकीत पट्ट्याने बांधून घेतो, कारण मोकळं चाक अपघातात तोफेच्या गोळ्यासारखं पुढे येतं. दोन बॅगा कमी मावतात. यंदा त्यातली एक सासऱ्यांची होती. त्यांनी ती मांडीवर घेतली आणि गुहागरपर्यंत एक अक्षर बोलले नाहीत.