रिकामा रकाना खोडण्याआधी

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून दहावी झाले, बेळगावात स्टॅटिस्टिक्स घेऊन एम.एस्सी. केलं आणि माता-बालआरोग्याच्या एका संशोधन प्रकल्पात डेटा सांभाळायच्या नोकरीला लागले. त्याला आता आठ वर्षं झाली. दर मे महिन्यात गावाकडची, निपाणी-संकेश्वरकडची मुलंमुली फोन करतात. "ताई, दवाखान्याच्या लाइनीत स्टॅटिस्टिक्सवाल्यांना काम असतं का?" असतं, भरपूर असतं. सरासरी, प्रमाण विचलन, पी-व्हॅल्यू तुम्हाला येतं असं धरून पुढचं लिहिते. ते पुस्तकात मिळतं.

या कामाचं मोल कळायला आपल्याला लांब जावं लागत नाही. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव रोखायला गावपातळीवर एएनएम सिस्टरनी (उपकेंद्रावरच्या नर्सबाईंनी) मिसोप्रोस्टॉलची गोळी दिली तर उपयोग होतो का, याची चाचणी आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत झाली. 2002 ते 2005 या काळात 1,620 बाळंतिणी त्यात होत्या. साधारण निम्म्यांना खरी गोळी, बाकीच्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती मिळाली हे बाईलाही माहीत नाही आणि सिस्टरलाही नाही. 2006 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निकाल आला: अतिस्रावाचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 6.4 टक्क्यांवर. वजाबाकी केली की 5.6 उरतात, शंभराला त्यानं भागलं की साधारण 18. म्हणजे 18 बायकांना गोळी दिली की एकीचा अतिस्राव टळतो. हा भागाकार मी एम.एस्सी.ला परीक्षेपुरता पाठ केला होता. नोकरी लागल्यावर ही चाचणी नीट वाचली तेव्हा आमच्या गल्लीतली काकी आठवली. मी चौथीत होते तेव्हा ती बाळंतपणात रक्त जाऊन गेली. त्या रात्री मी तो लेख तीनदा वाचला.

पण त्यातली माझी आवडती गोष्ट निकालाची नाही, मापाची आहे. किती रक्त गेलं हे आधी डोळ्यांनीच ठरवायचे. कपडा भिजला, गादी भिजली, "असेल तीनशे मिली". बेळगावच्या अभ्यासात बाळंतिणीखाली एक प्लास्टिकची चादर घालायचे. तिला खाली निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या रेघा, दुधाच्या मापासारख्या. डोळ्यांचा अंदाज आणि त्या रेघा ताडून पाहिल्या तर अंदाज 33 टक्के कमी भरत होता. 500 मिलीच्या वर गेलं की अतिस्राव म्हणतात. आता अंदाजच तिसऱ्या हिश्श्यानं कमी असेल तर किती बायका "नॉर्मल" म्हणून नोंदल्या गेल्या असतील, हिशोब करून बघा. मापाच्या चादरीची ही कल्पना पुढे लांब गेली. केनिया, नायजेरिया, टांझानिया आणि दक्षिण आफ्रिकेत 2 लाखांहून अधिक बाळंतपणांवर जी मोठी चाचणी झाली आणि 2023 साली जिचा निकाल आला, तिच्यात अशीच मापाची चादर आणि मोजमापानंतर लगेच करायचे उपचार एकत्र बांधले होते. आपल्या कामाची सुरुवात तिथे होते, त्या रेघेजवळ. एक्सेल त्यानंतर येतं.

आता मी जिथे फसले ती जागा. हे सावकाश सांगते, कारण माझ्यानंतर आलेली तीन मुलं तिथेच फसलेली मी पाहिली आहेत.

नोकरीचं पहिलं वर्ष. दोन भागांतल्या नवजात बाळांची वजनं ताडून पाहायची होती: एक भाग चंदगडला लागून असलेल्या सीमेवरच्या गावांचा, दुसरा बैलहोंगलच्या बाजूचा. जन्मवजन अडीच किलोच्या खाली गेलं की कमी वजनाचं बाळ. फाइल उघडली तर वजनाच्या रकान्यात बरीच भोकं. एका सिनिअरनी सांगितलं, "रिकाम्या ओळी डिलीट करून टाक, सॉफ्टवेअर तसंही त्या घेत नाही." मी डिलीट केल्या. टेस्ट लावली, पी-व्हॅल्यू 0.05 च्या खाली आली, मी खूश. निष्कर्ष लिहिला: सीमेवरच्या गावांत कमी वजनाची बाळं कमी.

तो तक्ता घेऊन उपकेंद्रावर गेले. तिथल्या एएनएम अक्कांनी चष्मा लावून बघितला आणि मला विचारलं, "अगं, ह्यात आमच्या पहिलटकरणी कुठायत?"

पुढचं तुम्हीच जाणता. सातव्या महिन्यात ओटी भरली की पहिलटकरीण माहेरी जाते. सीमेवरच्या गावांचा रोटीबेटीचा व्यवहार चंदगड, आजरा, गडहिंग्लजशी आहे. राज्याची हद्द सोयरिकीला अडवत नाही, पण रजिस्टर तिथे थांबतं. बाळंतपण महाराष्ट्रात, वजन तिकडच्या वहीत, आपला रकाना रिकामा. बैलहोंगलकडच्या सुनांची माहेरं बहुतेक जिल्ह्यातच, म्हणून त्यांची वजनं मिळाली होती. आणि पहिल्या बाळाचं वजन सर्वसाधारणपणे पुढच्या बाळांपेक्षा कमी असतं. म्हणजे मी एका बाजूच्या पहिलटकरणी खोडल्या आणि दुसऱ्या बाजूच्या ठेवल्या.

आकड्यांत बघा. समजा सीमेवर 100 बाळंतपणं झाली. 70 जणींची वजनं हाताशी आहेत, त्यात 14 बाळं कमी वजनाची. 20 टक्के. माहेरी गेलेल्या 30 जणींमध्ये 12 बाळं कमी वजनाची निघाली, तर खरं प्रमाण 100 त 26. तुम्ही 20 लिहिणार. दुसऱ्या भागात खरं प्रमाण 24 असेल आणि सगळी वजनं मिळाली असतील, तर वाईट स्थितीतला भाग तुमच्या अहवालात चांगला ठरतो आणि पोषणाचा कार्यक्रम दुसरीकडे जातो. टेस्ट बरोबर, सॉफ्टवेअर बरोबर, उत्तर उलटं. आणि नमुना मोठा केला तरी ही चूक जात नाही, फक्त पी-व्हॅल्यू आणखी लहान होऊन तुमची खात्री वाढते. हे वाक्य मला कुणी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर!

डोनाल्ड रुबिन यांनी 1976 साली या रिकाम्या जागांची जी वर्गवारी मांडली, ती आता सगळ्या अभ्यासक्रमांत आहे. निव्वळ योगायोगानं रिकामी राहिलेली जागा, आपल्याकडच्या दुसऱ्या एखाद्या माहितीवरून जिचा अंदाज येतो अशी जागा, आणि जी गोष्ट मोजायची तिच्यामुळेच रिकामी राहिलेली जागा. मला परीक्षेत त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क होते. पण रकाना कोणत्या वर्गातला हे फाइलकडे बघून ठरत नाही. ते अक्कांना विचारावं लागतं. माझ्या फाइलमध्ये "कितवं बाळंतपण" हा रकाना पूर्ण भरलेला होता. रिकाम्या आणि भरलेल्या ओळी त्यावर वेगळ्या करून पाहिल्या असत्या, तर पाच मिनिटांत उलगडा झाला असता. आता कोणतीही फाइल आली की टेस्टच्या आधी मी तेवढंच करते: कोण गायब आहे, त्यांचं वय काय, गाव कोणतं, कितवी खेप.

इतर खाचखळगे आहेत, ते भराभर सांगते. 3 एप्रिल आणि 4 मार्च यांची एक्सेल बेमालूम अदलाबदल करतं. रिकाम्या जागी कुणी 0 टाकतं, कुणी 99, आणि दोन्ही सरासरीत शिरतात. वजनं 2.5 वर गर्दी करतात, कारण काटा 2.46 दाखवत असला तरी हात 2.5 लिहितो, नेमक्या उंबरठ्यावर ही गर्दी म्हणजे कमी वजनाची कितीतरी बाळं हिशोबातून बाहेर. एकाच बाईचं नाव तायी कार्डावर (कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या नोंदणी कार्डावर) कन्नडमध्ये, आधारवर इंग्रजीत, माहेरच्या कागदावर मराठीत, आणि तीन ठिकाणी तीन आडनावं. म्हणून कन्नड वाचायला शिकाच. आपल्याकडे या विषयावर लोक तापतात, ते मला समजतं, मीही मराठी शाळेतलीच आहे. पण रजिस्टर कन्नडमध्ये आहे आणि आत एका बाईची माहिती आहे. मी सहा महिन्यांत वाचायला शिकले, बसच्या पाट्या वाचत वाचत.

सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट करून देतो म्हणणाऱ्या महागड्या कोर्सला पैसे घालू नका, ही माझी अगदी ठाम सूचना. घरच्यांनी सोनं गहाण ठेवून फी भरलेली मुलं मला भेटली आहेत. आर हे स्टॅटिस्टिक्सचं सॉफ्टवेअर फुकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्हावार पत्रकं फुकट आहेत, बेळगावचंही आहे. ते घेऊन बसा आणि प्रत्येक आकड्याच्या खाली छेद काय आहे ते शोधा. पुढे शिकायचं तर मुंबईत देवनारची आयआयपीएस ही लोकसंख्या अभ्यासाची संस्था आहे, वेल्लोरचं सीएमसी हे मेडिकल कॉलेज आहे. एमडीच्या विद्यार्थ्यांचे थीसिस करून देऊन पैसे मिळतात, आणि सुरुवातीला मीही ते केलं. "मॅडम, पी-व्हॅल्यू तेवढी काढून द्या" असं म्हणत लोक माहिती गोळा करून झाल्यावर येतात, आणि तेव्हा नमुना किती हवा होता हे सांगून उपयोग नसतो. अशा कामात हात चालतो, डोकं मात्र तिथेच राहतं. एक वर्षाच्या वर करू नका.

मार्गदर्शक निवडताना त्यांचे पेपर किती हे मी बघत नाही. ते शेवटचे उपकेंद्रावर कधी गेले होते, एवढं विचारते. "डिलीट कर" म्हणणारे माझे सिनिअर वाईट नव्हते, ते कधी गावात गेले नव्हते.

भीती वाटत असेल तर वाटू द्या. माझं इंग्रजी अजूनही अडखळतं, मीटिंगमध्ये प्रश्न विचारायच्या आधी मी तो वहीत लिहून घेते. त्यानं काम अडलेलं नाही. ज्यांना आपल्या बायाबापड्या कधी माहेरी जातात, ऊसतोडीला कधी निघतात, कुणाच्या घरी फोन कुणाच्या हातात असतो हे माहीत आहे, अशा लोकांची या कामाला फार गरज आहे, आणि ते तुम्हाला कोर्सशिवाय येतं.

त्या चुकीचं पुढे काय झालं ते राहिलं. अहवाल मी स्वतःहून मागे घेतला, दोन दिवस जेवण गेलं नाही. मग नीतिसमितीची परवानगी काढून माहेरी गेलेल्या बायकांना फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन चंदगडकडच्या एका गावात भावानं उचलला. मी कोण, कशासाठी विचारते, हे सांगितल्यावर तो म्हणाला, "थांबा हं ताई, तिलाच देतो." ट्रंक उघडल्याचा आवाज आला, प्लास्टिकची पिशवी चुरचुरली. मग तिनं कार्डावरचं वाचून दाखवलं, एकेक अक्षर सुटं करत: "दोन... पूर्णांक... एक. दोन किलो शंभर. आता बरा आहे हो, बसायला लागलाय." मी रकान्यात 2.1 लिहिलं आणि पुढचा नंबर लावला.